ताबा आईचा, सही बापाची!



घटस्फोट हे पाश्चात्त्यांचं खूळ, असं अजूनही लोक बिनधास्त लिहितात. अहो, 'काडीमोड' हा शब्द काय लंडनहून आला? आपल्याकडच्या कितीतरी जातींत काडीमोड होती, पाट लावणं होतं, जातपंचायत त्याचा निवाडा करायची. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी 1919 मध्ये घटस्फोटाचा कायदा केला, बडोद्यात सयाजीरावांनी 1931 मध्ये. मुंबई प्रांतात 1947 मध्ये कायदा झाला आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने ती सोय देशभर नेली.

म्हणजे वेगळं होण्याची वाट सापडली. पण पोरांचं काय?

इथे खरी गोम आहे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम 6 बघा. मुलाचा नैसर्गिक पालक कोण? बाप, आणि 'त्याच्यानंतर' आई. पाच वर्षांखालचं मूल मात्र सामान्यतः आईकडे ठेवावं. थोडक्यात, दूध पाजायला, रात्री जागायला, डबा करायला आई. सही करायला बाप. ताबा वेगळा आणि पालकत्व वेगळं. घटस्फोटित आईची निम्मी दमछाक या एका फरकामुळे झाली.

पैशाचं तर विचारूच नका. फौजदारी संहितेतल्या पोटगीची कमाल मर्यादा 1955 मध्ये महिना 500 रुपये ठरली. घटस्फोटित बायकोला या कलमाखाली पोटगी मागायचा हक्क मिळाला तो 1973 च्या नव्या संहितेत, पण मर्यादा तीच राहिली. 2001 मध्ये ती उठली. 46 वर्षं! या काळात सोनं, तूरडाळ, शाळेची फी कुठल्या कुठे गेली, पण कायद्याच्या लेखी माणसाचा महिन्याचा खर्च 500 च्या वर जातच नव्हता. बाकीचा भार आईच्या पगारावर, शिवणयंत्रावर, नाहीतर माहेरावर.

मग पालकत्वाचं कोडं कुणी सोडवलं? दोन बायकांनी. लेखिका गीता हरिहरन यांनी 1984 मध्ये मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचे म्हणून अर्जावर पालक म्हणून सही केली. बँक म्हणाली, बापाची सही आणा. दुसऱ्या वंदना शिवा. त्यांचा घटस्फोटाचा दावा चालू होता आणि नवरा मीच नैसर्गिक पालक म्हणून अडून बसला होता. दोघींच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने 17 फेब्रुवारी 1999 ला निकाल दिला: 'त्याच्यानंतर' म्हणजे बाप मेल्यावरच असं नाही. बाप लक्षच देत नसेल, मूल पूर्णपणे आईकडेच असेल, तर बाप हयात असतानाही आई नैसर्गिक पालक.

पुढे कागद हळूहळू बदलले. 2016 च्या अखेरीस मुलाच्या पासपोर्टला आई किंवा बाप, एकाचं नाव पुरेसं झालं. 2018 मध्ये एकट्या आईच्या मुलाला पॅनकार्डावर बापाच्या नावाची सक्ती गेली. मार्च 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नावापुढे आईचं नाव लावायचा निर्णय घेतला.

आनंद आहे. पण कलम 6 चे शब्द? ते तसेच आहेत. 2015 मध्ये विधी आयोगाने आई-बापाला बरोबरीचं पालकत्व द्या अशी शिफारस केली, तीही फायलीतच. कायद्याच्या पुस्तकात आई अजून 'नंतर'च आहे, निकालाच्या टेकूवर उभी.

आणि कायदा बदलेल तेव्हा बदलेल, खिडकीपलीकडचा माणूस बदलायला कोणी अडवलंय? तुमच्यापैकी कुणी मुख्याध्यापक असेल, बँकेत, तहसीलमध्ये असेल. समोर एकटी आई फॉर्म घेऊन उभी राहिली, तर 'मिस्टर कुठायत?' हा प्रश्न गिळा. तिच्या ताब्याचा कागद बघा आणि सही घ्या. तिने त्या सहीसाठी आधीच बरंच मोजलेलं असतं.

पटलं तर पुढे पाठवा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण आधी कलम 6 वाचून या.