दुष्काळ, ऊसतोड आणि आपलं बोर्डिंग



स्मरणिका समितीनं मला काम दिलं तेव्हा ते अगदी सोपं वाटलं होतं. "तू कॉम्प्युटरवाली, जुनी रजिस्टरं तेवढी टाइप करून दे आणि शाळेच्या इतिहासावर दोन-तीन पानं लिही," एवढंच सांगितलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत मी आले. ऑफिसातलं लोखंडी कपाट उघडलं, लाल कापडी बांधणीची जनरल रजिस्टरं बाहेर काढली आणि चार दिवस त्यातच बसले. पुण्याला परतताना लक्षात आलं, की इतिहास लिहायला वेगळं कुठं जायची गरज नाही. तो त्या रकान्यांमध्येच आहे.

तुम्हाला ते रकाने आठवत असतील. नाव, धर्म व जात, जन्मतारीख, मागील शाळा, प्रवेशाची तारीख आणि शेवटी 'शाळा सोडल्याचे कारण'. हा शेवटचा रकाना वाचत मी मागं मागं गेले. गावातून ये-जा करणाऱ्या मुलांच्या नावांपुढं तीच तीच कारणं होती. 'कुटुंब परगावी गेल्याने.' 'ऊसतोडीस गेल्याने.' 'सतत गैरहजर असल्याने नाव कमी केले.' तारखा बहुतेक दसरा-दिवाळीच्या आसपासच्या. त्यातली काही नावं पुढच्या जूनमध्ये पुन्हा आलेली, मग पुन्हा दिवाळीला गेलेली. बोर्डिंगमधल्या मुलांच्या नावांपुढं मात्र हे कारण सापडत नाही. तिथं 'दहावी उत्तीर्ण' आहे, 'दहावी अनुत्तीर्ण' आहे, क्वचित 'लग्न झाल्याने' आहे. पण घर हललं म्हणून शाळा सुटली, असं नाही.

आमच्या धंद्यात एखादा बिघाड शोधताना पहिला प्रश्न असतो, तो नेमका कधी होतो? इथला बिघाड दरवर्षी कार्तिकात होत होता. आणि तो आपल्या पिढीपासूनचा नव्हे, फार जुना आहे.

आपला जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस दोन वर्षं फिरला की माणसं घराला कडी लावून जगायला बाहेर पडतात. १८७६-७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा, मग १८९९-१९०० चा. आमच्या आईवडिलांच्या तोंडी असलेला १९७२ चा, ज्यात लोकांनी खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाल्ला. दुष्काळाच्या गोष्टी सांगताना आपण विहिरी आणि जनावरांबद्दल बोलतो. लेकराची शाळा बुडाली, हे त्यात कुणी मोजत नाही.

नगरला अमेरिकन मिशनचे लोक आले १८३१ साली. १८३९ मध्ये मिस सिंथिया फॅरार मुंबईहून इथं आल्या आणि १८६२ मध्ये इथंच वारल्या. त्यांनी चालवलेल्या मुलींच्या शाळा जोतिराव फुल्यांनी नगरला येऊन पाहिल्या होत्या, आणि त्यानंतर १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ साली छापला, तो नगरहून सुरू झालेल्या 'ज्ञानोदया'नं. हे आपण शाळेत एका वाक्यात शिकलो आणि विसरलो.

त्या काळात पहिला अडथळा होता तो शाळेच्या दारातला. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलानं प्रवेश मागितला. एका मुलासाठी बाकीची मुलं शाळा सोडतील, या भीतीनं मुंबई सरकारनं त्याला प्रवेश दिला नाही. अशा काळात मिशनच्या शाळांनी ती मुलं बाकावर बसवली, ही गोष्ट लहान नाही.

पण दार उघडलं तरी दुसरा अडथळा उरतोच. ज्याचं घरच एका जागी नाही, त्यानं रोज शाळेत यायचं कुठून? याचं उत्तर बोर्डिंगनं दिलं. आधी भाकर, मग निजायला जागा, आणि मग पुस्तक.

हा क्रम सगळ्यात नीट समजला होता पंडिता रमाबाईंना, कारण तो त्यांच्या अंगावरून गेला होता. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे आईवडील पुराणं सांगत देशभर पायी फिरले. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात १८७४ साली काही महिन्यांच्या अंतरानं वडील, आई आणि थोरली बहीण गेली. उरले रमाबाई आणि भाऊ. पुढं ११ मार्च १८८९ ला त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, मग ते पुण्याला नेलं. १८९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीतून सुमारे ३०० मुली-बायका घेऊन आल्या. केडगावला (आपल्या नगरजवळचं नव्हे, दौंडहून पुण्याला जाताना रेल्वेचं स्टेशन लागतं ते) मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही शेकडो मुली तिथं आल्या.

मला त्यातली एक गोष्ट फार जवळची वाटते. मुक्ती सदनात मुलींना नुसतं लिहा-वाचायला शिकवून सोडलं नाही. शेती, विणकाम, तेलाचा घाणा आणि छापखाना, सगळं मुलींच्या हातात दिलं. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळे तिथल्या मुलींनीच जुळवले. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, पुस्तक पूर्ण होऊन १९२४ मध्ये आलं. रस्त्याकडेला मरायला टाकलेल्या मुली एक एक अक्षर उचलून ओळ लावत होत्या. मी रोज संगणकापुढं बसून जे करते, ते याहून फार वेगळं नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या मिशनांनीही १९०० मध्ये दुष्काळात पोरकी झालेली मुलं सांभाळली. आपल्या बोर्डिंगची मुळं त्याच वर्षांत आहेत. सगळ्यात जुन्या रजिस्टरात काही नावांपुढं 'पालकाचे नाव' या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे. ती पानं टाइप करताना त्या रेघेच्या जागी काय लिहावं ते मला कळेना. शेवटी मीही रेघच ओढली.

आता अवघड गोष्ट. नोकरीत कुणाला सांगितलं, की मी मिशनच्या बोर्डिंगची, की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग तुम्हाला ख्रिस्ती केलं नाही का?" माझ्या वेळी मला कुणी तसं विचारलं नाही. उपासनेला सगळ्या बसायच्या, रेव्हरंड टिळकांची भजनं सगळ्यांना पाठ होती, आणि सुट्टीत घरी गेल्यावर मी तीच भजनं आईच्या हरिपाठाशेजारी म्हणायचे. तिला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पण माझ्या अनुभवावरून सगळा इतिहास धुऊन काढता येणार नाही. मिशनरी धर्म सांगायला आले होते आणि त्यांनी ते लपवलं नाही. ज्या लेकरांचे आईबाप दुष्काळात गेले, त्यांना कुठल्या देवाची प्रार्थना करायची हे कुणी विचारलं नव्हतं. खुद्द शारदा सदनात मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून वादळ उठलं आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं सल्लागार मंडळातून बाहेर पडली. हे सगळं खरं आहे. आणि त्या मुलींना त्याआधी कुणी दारात उभं केलं नव्हतं, हेही खरं आहे. स्मरणिकेत दोन्ही लिहिलं पाहिजे, असं मला वाटतं.

आणखी एक. बोर्डिंग ही काही मिशनचीच मक्तेदारी राहिली नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातीच्या मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली आणि त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र विकलं. 'बोर्डिंग' हा शब्द आपल्या खेड्यापाड्यात मराठीच झाला, तो या सगळ्यांमुळं. गरिबाच्या घरात त्याचा अर्थ एकच, लेकरू एका जागी राहील आणि दोन वेळा जेवेल.

दुष्काळात घर हलायचं, ते दुष्काळ सरल्यावर थांबायचं. पण १९५० च्या सुमारास प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला, मग एकामागून एक कारखाने आले, आणि आमच्यासारख्या कोरडवाहू गावांचं हलणं दरवर्षीचं झालं. कारखान्यांनी जिल्ह्याचं भलं केलं यात वाद नाही. पण तो ऊस तोडणारे आम्ही. मुकादमाची उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक कोयता, दिवाळीच्या आसपास गाडीत बसायचं, फडाशेजारी कोपी घालायची, आणि पाडव्याच्या सुमारास गावी परतायचं. लेकरं बरोबर. शाळा मागं.

आम्ही दोघी बहिणी शाळेत होतो. अक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, आणि खरं सांगते, माझ्याहून हुशार. वडील मला घेऊन इथं आले तेव्हा बाईंनी विचारलं होतं, "मोठीला का नाही आणलं? दोघींनाही घेते." वडील म्हणाले, "धाकटं पोरगं कोपीवर कोण सांभाळणार?" बाईंनी पुन्हा विचारलं. वडील खाली बघत राहिले. बोर्डिंगनं माझं आयुष्य बदललं असं मी जेव्हा जेव्हा म्हणते, तेव्हा त्यातला अर्धा वाटा त्या कोपीत भावाला कडेवर घेऊन बसलेल्या मुलीचा असतो.

पाचवीतली माझी पहिली दिवाळी. सुट्टीत बोर्डिंग बंद ठेवायचं, असा नियम होता. मुलींच्या आया येत होत्या, पेट्या जात होत्या. आम्हा सात जणींचे आईबाप कधीच फडावर पोचले होते. गावी घराला कुलूप. नियम करणाऱ्यांच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मेट्रनबाईंनी वर काय कळवलं मला माहीत नाही. त्यांनी स्वतःची गावी जायची रजा रद्द केली, स्वयंपाकघराची किल्ली ठेवून घेतली आणि आम्हाला म्हणाल्या, "चला, पीठ मळा." जुन्या वह्यांच्या कागदांचा आकाशकंदील केला, करंज्या केल्या. बाईंच्या घरी करंज्या नाताळात व्हायच्या, त्या वर्षी आमच्यामुळं दोनदा झाल्या. पुढच्या वर्षी राहणाऱ्या मुली वाढल्या, तेव्हा बोर्डिंग सुट्टीत उघडंच राहिलं. कुठल्याही रजिस्टरात याची नोंद नाही, म्हणून इथं करते.

दहावी झाली, अकरावी-बारावी झाली, इंजिनिअरिंगला कर्ज आणि शिष्यवृत्ती मिळाली. ते सगळं तुमच्यासारखंच, त्यात विशेष काही नाही. त्याआधीची पाच वर्षं मी एकाच खाटेवर झोपले, हे विशेष.

काही वर्षांपूर्वी अक्काला तिच्या मुलाच्या कागदपत्रांसाठी स्वतःचा शाळेचा दाखला लागला. गावच्या शाळेतून मीच तो काढून आणला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, 'सतत गैरहजर'. ती पहाटे तीनला उठून भाकरी टाकत होती, पाणी आणत होती, भावाला सांभाळत होती, मोळ्या बांधायला मदत करत होती, आणि पंधराव्या वर्षी लग्न होऊन स्वतः कोयता झाली. मी दाखला तिच्या हातात दिला. तिनं जुळवून जुळवून वाचला आणि विचारलं, "मी कुठं गैरहजर होते गं?" मला उत्तर देता आलं नाही.

या जूनमध्ये अक्काची नात पाचवीला आपल्या बोर्डिंगात आली. अक्का स्वतः घेऊन आली होती. फॉर्म भरताना तिनं बाईंना दोनदा विचारलं, "दिवाळीत बंद नाही ना ठेवत?" बाई म्हणाल्या, "स्वयंपाकाला माणूस मिळालं तर नाही." म्हणजे इतक्या वर्षांनीही ते एखाद्या मेट्रनबाईंच्या मनावरच आहे.

म्हणून मेळाव्याला जमणाऱ्या सगळ्यांना माझी एकच विनंती आहे. कमान, कारंजं, रंगमंच सावकाश करू. जमलेल्या निधीतून आधी दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीतला बोर्डिंगचा खर्च कायमचा बांधून देऊ. स्वयंपाकाची बाई, रात्रीचा पहारेकरी, किराणा. सुट्टीत दोन-दोन दिवस आपल्यापैकी कुणी येऊन राहिलं तर आणखी चांगलं. करंज्यांना हात लागतातच.

रजिस्टरं टाइप करून झाली आहेत, त्यांच्या प्रती ऑफिसात दिल्या आहेत. अगदी शेवटची ओळ अक्काच्या नातीची आहे. नाव, जन्मतारीख, मागील शाळा, प्रवेशाची तारीख, सगळं भरलेलं आहे. 'शाळा सोडल्याचे कारण' हा रकाना अजून रिकामा आहे.