इस्रायलची आण्विक संदिग्धता

अण्वस्त्रे आहेत असे म्हणायचे नाही आणि नाहीत असेही नाही, या इस्रायलच्या सहा दशकांच्या धोरणाला आण्विक संदिग्धता म्हणतात. शत्रूला धाक आणि अमेरिकेला पळवाट, असे त्याचे दुहेरी काम. धोरणाला आजचे रूप दिले ते मुख्यतः दुसऱ्या गरजेने.

नेगेव्ह वाळवंटातील दिमोनाची अणुभट्टी फ्रान्सच्या मदतीने, १९५७च्या करारानुसार उभी राहिली. संरक्षण मंत्रालयाचे महासंचालक शिमॉन पेरेस यांनी हा करार घडवून आणला. जड पाणी नॉर्वेने दिले. अमेरिकनांना आधी ही कापडगिरणी असल्याचे सांगण्यात आले होते. डिसेंबर १९६०मध्ये बिंग फुटले, तेव्हा पंतप्रधान बेन-गुरियन यांनी संसदेत ही भट्टी शांततामय संशोधनासाठी असल्याचे जाहीर केले.

अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचे समाधान झाले नाही. १९६३च्या उन्हाळ्यात त्यांनी आधी बेन-गुरियन यांना आणि मग त्यांच्यानंतर आलेल्या लेवी एश्कोल यांना खरमरीत पत्रे धाडली. १९६९पर्यंत अमेरिकी तज्ज्ञांच्या दिमोनाला भेटी होत राहिल्या. पण यजमान दाखवील तेवढेच पाहायचे असल्याने प्लुटोनियम वेगळे करणारा भूमिगत कारखाना त्यांना सापडला नाही.

याच काळातले एक वाक्य पुढे राष्ट्रीय धोरण बनले. एप्रिल १९६३मध्ये केनेडींनी थेट विचारले, तेव्हा पेरेस यांनी वेळ मारून नेली: या प्रदेशात अण्वस्त्रे आणणारे आम्ही पहिले नसू. नोव्हेंबर १९६८मध्ये अमेरिकी फँटम विमानांच्या खरेदीच्या वाटाघाटींत अमेरिकेचे सहायक संरक्षणमंत्री पॉल वॉर्नकी यांनी ‘आणणे’ म्हणजे काय, असे खोदून विचारले. चाचणी नाही, जाहीर वाच्यता नाही, तर अस्त्र आणले असे होत नाही, असा इस्रायलचे राजदूत इत्झाक राबिन यांचा पवित्रा होता. वकिली चतुराईचा हा अस्सल नमुना.

तडजोड झाली २६ सप्टेंबर १९६९ रोजी, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन व इस्रायलच्या पंतप्रधान गोल्डा मेयर यांच्या भेटीत. दोघांतील खासगी बोलण्याचे इतिवृत्त प्रसिद्ध झालेले नाही. परिणाम मात्र लपला नाही: तपासणी थांबली आणि अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही करण्याचा तगादाही.

१९८६मध्ये दिमोनाचे तंत्रज्ञ मोर्देखाय वानुनू यांनी आतली छायाचित्रे ‘संडे टाइम्स’ला दिली. इस्रायली हेरांनी त्यांना लंडनहून रोमला भुलवून नेले आणि पळवून आणले. १८ वर्षांची कैद झाली. सरकारने तरीही कबुली दिली नाही. स्टॉकहोमची ‘सिप्री’ ही संस्था इस्रायलकडे सुमारे ९० अण्वस्त्रे असल्याचा अंदाज देते.

डिसेंबर २००६मध्ये पंतप्रधान एहूद ओल्मर्ट यांनी जर्मन दूरचित्रवाणीवर बोलताना अमेरिका, फ्रान्स, रशिया या अण्वस्त्रधारींच्या पंक्तीत इस्रायलचेही नाव घेतले. त्यांच्या कार्यालयाने लगोलग खुलासा केला: धोरण बदललेले नाही.