तंबू स्वस्त, जागा महाग: अमेरिकेतल्या कॅम्पिंगची शंभर वर्षं

आजची गोष्ट एका फोनपासून सुरू होते.

माझी मावसबहीण कॅलिफोर्नियात असते. परवा तिचा फोन. "अरे, संध्याकाळी साडेसातला मोकळा आहेस ना? मोबाइल घेऊन बस." ताईला दोन्ही मुलांना घेऊन एका नॅशनल पार्कमध्ये तंबू ठोकायचा होता. बुकिंग पाच महिने आधी उघडतं, तिकडच्या सकाळी सातला, म्हणजे आपल्या साडेसातला. ती, भावोजी आणि पुण्यातून मी, तिघं लॉगिन करून बसलो. अगदी तत्काळ तिकिटासारखं. आणि झालंही तसंच, काही मिनिटांत सगळं फुल्ल! ताई म्हणाली, "हॉटेल परवडत नाही म्हणून तंबू, आणि आता तंबूसाठीही मारामारी. हे कधीपासून झालं रे?"

तिचा प्रश्न डोक्यात राहिला. शोधायला लागलो आणि थेट शंभर वर्षं मागे गेलो.

१९२१ चा उन्हाळा. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात एका ओढ्याकाठी तंबू लागलेत. तंबूत कोण? हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन आणि टायरवाले हार्वे फायरस्टोन. पाहुणे म्हणून खुद्द राष्ट्राध्यक्ष हार्डिंग. ही मित्रमंडळी दरवर्षी अशी भटकायची. पण 'साधं राहणं' म्हणजे कसं, तर सोबत आचारी, स्वयंपाकाची वेगळी गाडी आणि तंबूत एडिसनसाहेबांच्या बॅटरीवर चालणारे दिवे. आज ज्याला आपण ग्लॅम्पिंग म्हणतो, ते तेव्हाच सुरू होतं!

गंमत म्हणजे याच फोर्डमुळे सामान्य माणूसही कॅम्पिंगला निघाला. १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी ८५० डॉलरच्या आसपास मिळायची. १९२५ पर्यंत तिची किंमत ३०० डॉलरच्या खाली आली. मग काय! शिक्षक, कारकून, शेतकरी, सगळे बायकापोरांना गाडीत घालून निघाले. गाडीच्या बाजूला तंबू बांधायचा, डब्यातलं अन्न शेगडीवर गरम करायचं. यांना लोक 'टिन कॅन टुरिस्ट' म्हणायचे.

राहायचं कुठे? सुरुवातीला रस्त्याकडेला, कुणाच्या शेतात, शाळेच्या आवारात. मग गावोगावच्या पालिकांनी ठरवलं, की आपणच जागा देऊ, आणि तीही फुकट. पाणी, संडास, चूल, सगळं. दुकानदारांचा हिशोब सोपा होता: चार माणसं मुक्कामाला थांबली की पेट्रोल, ब्रेड, दूध आपल्याकडूनच घेणार. कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहराच्या कॅम्पमध्ये तर तीन मजली क्लबहाउस होतं. फुकट ते पौष्टिक, दुसरं काय!

आता इथे गोष्ट वळण घेते. नीट ऐका.

गाड्या आणखी स्वस्त झाल्या तसे या कॅम्पांमध्ये वेगळे लोक दिसू लागले. कामाच्या शोधात फिरणारे मजूर. घर नाही म्हणून बिऱ्हाड गाडीत टाकून निघालेली कुटुंबं. हे लोक चार दिवस नाही, चार-चार आठवडे राहायचे. दुकानदार कुरकुरले, 'चांगल्या घरच्या' पर्यटकांनी नाकं मुरडली. मग १९२० च्या दशकाच्या मध्यावर गावांनी दर लावायला सुरुवात केली. रात्रीचे २५ ते ५० सेंट. मुक्कामाच्या दिवसांवरही मर्यादा आली.

खर्च भागवायला पैसे हवेच होते, ते खरं. पण दर लावण्यामागचं दुसरं कारणही लपून नव्हतं: नको असलेले लोक बाहेर राहावेत. 'गरिबांना प्रवेश नाही' अशी पाटी लावावी लागली नाही. २५ सेंटनी ते काम केलं.

काहींसाठी मात्र पाटीसुद्धा होती. व्हर्जिनियातल्या शेनन्डोह नॅशनल पार्कमध्ये कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी 'लुईस माउंटन' हा वेगळा कॅम्प होता. खिशात पैसे असले तरी बाकीच्या कॅम्पांत जागा नाही. ही विभागणी संपायला साधारण १९५० उजाडलं.

या सगळ्यात झाडांचं काय? लोक वाट्टेल तिथे गाड्या घालायचे, त्यामुळे मुळं चेपली जाऊन मोठमोठी झाडं मरत होती. एमिलिओ माइनेके नावाच्या वनस्पतिरोगतज्ज्ञाने हे पाहिलं आणि १९३२ मध्ये उपाय सुचवला. एकाच दिशेने जाणारा गोल रस्ता, प्रत्येक कुटुंबाला आखून दिलेली जागा, तिथेच गाडी, तिथेच टेबल, तिथेच चूल. १९३३ पासून सरकारच्या 'सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर' या योजनेत मंदीने बेकार झालेल्या तरुणांना काम मिळालं. १९४२ पर्यंत सुमारे ३० लाख जण त्यात राबले. त्यांनी असे कॅम्प देशभर उभे केले. आजही अमेरिकेत कॅम्पग्राउंड म्हटलं की हाच नकाशा दिसतो.

झाडं वाचली. पण बघा, जंगलाचे नंबर घातलेले प्लॉटही झाले. आणि नंबर आला की मोजता येतं, मोजता आलं की बुकिंग करता येतं आणि दरही लावता येतो. माइनेकेला हे अभिप्रेत नव्हतं. त्याला फक्त मुळं वाचवायची होती.

पुढे १९६२ मध्ये माँटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावी डेव्ह ड्रम नावाच्या व्यावसायिकाने पाहिलं, की सिअ‍ॅटलच्या जागतिक प्रदर्शनाला निघालेल्या गाड्या आपल्या दारावरून जातायत. त्याने नदीकाठच्या जमिनीवर कॅम्प काढला. गरम पाण्याची अंघोळ, स्वच्छ संडास, छोटं दुकान. रात्रीचा दर १.७५ डॉलर. त्यातूनच केओए ही प्रचंड साखळी उभी राहिली. त्यापाठोपाठ १९६५ पासून नव्या कायद्याने केंद्र सरकारच्या जमिनींवरही शुल्क आकारण्याची पद्धत रुळली.

आता हिशोब करू. तेव्हाचे १.७५ डॉलर म्हणजे महागाई धरून आजचे साधारण १८. आज योसेमिटीच्या दरीतल्या 'अपर पाइन्स' या सरकारी कॅम्पमध्ये रात्रीचे ३६ डॉलर पडतात. म्हणजे जवळपास दुप्पट, आणि तिथे प्लॉटवर नळाची अंघोळ नाही! वर पार्कचं प्रवेश शुल्क, पेट्रोल, तंबू, स्लीपिंग बॅगा. आणि सगळ्यात महाग गोष्ट पावतीवर छापलेलीच नसते: पाच महिने आधी 'अमुक तारखेला मला सुट्टी आहे' असं छातीठोक सांगता येणं. पगारी नोकरीवाल्याला ते जमतं. ज्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्याने काय करायचं?

दर वाईटच असतो असं मला म्हणायचं नाही. संडास कुणीतरी धुतं, कचरा कुणीतरी उचलतं. फुकट होतं तेव्हा झाडं मरत होती, हेही खरं. पण शंभर वर्षांचा हा हिशोब एक गोष्ट सांगतो. कॅम्पिंग आपोआप कधीच स्वस्त नव्हतं. ते स्वस्त होतं तेव्हा त्याचे पैसे दुसरं कुणीतरी भरत होतं. कधी गावाची पालिका, कधी सरकार. त्यांनी हात आखडला की बिल कुटुंबावर येतं. म्हणून दर वाढला की 'किती' एवढंच विचारून थांबू नका. 'यामुळे कोण येणं बंद होणार' हेही विचारा.

ताईचं काय झालं? तिने वेगळा मार्ग काढला. अमेरिकेतल्या नॅशनल फॉरेस्टमध्ये, म्हणजे सरकारी वनजमिनीवर, बऱ्याच ठिकाणी आजही फुकट तंबू ठोकता येतो, साधारण १४ दिवसांपर्यंत. नळ नाही, संडास नाही, नंबरही नाही. पाणी आपलं आपण न्यायचं, कचरा आपला आपण परत आणायचा. पोरं खूश आहेत. ताई मात्र सध्या पाण्याचे कॅन मोजतेय.

तुमच्या घरच्यांची पहिली सहल किती पैशांत झाली होती? आज आईबाबांना विचारा आणि आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!