सरपणाची बेगमी

मृग नक्षत्र जवळ आलें म्हणजे उत्तर कोंकणांतील घरोघरीं एकच लगबग सुरू होई. परसांतलें सरपण पडवींत आणावयाचें, तें रचावयाचें आणि चार महिने पुरेल कीं नाहीं याचा अंदाज घ्यावयाचा. पालघर-बोईसर रस्त्यावरील कोळगांव आज जिल्ह्याच्या कचेऱ्यांमुळें ओळखलें जातें. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं अस्तित्वांत आला. त्यापूर्वीं हा सारा मुलूख ठाणें जिल्ह्यांत मोडत असे. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस मनोरकडील रानें आणि मध्यें भातखाचरें, अशा या पट्ट्यांत चुलीचा सर्व भार लाकडावर होता. आणि पावसाळ्यांत लाकूड वाळत नाहीं.

चांगलें जळण कोणतें? नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनांत निम्म्याच्या आसपास पाणी असूं शकतें. असें लाकूड चुलींत घातलें तर त्याची पुष्कळशी उष्णता पाण्याची वाफ करण्यांतच खर्ची पडते. चूल धुमसते आणि स्वयंपाक करणारीचे डोळे चुरचुरतात. उन्हावाऱ्यांत नीट सुकलेल्या लाकडांत पाण्याचा अंश पांचव्या हिश्शापर्यंत उतरतो. ऐन, धावडा, खैर, बाभूळ हीं लाकडें जड. त्यांचा निखारा टिकतो. सावर, पांगारा हीं हलकीं. तीं भुरकन् जळून जातात. लाकूड सुकलें कीं त्याच्या टोकांस चिरा पडतात, साल सुटते, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर खणखणीत आवाज होतो. ओलें लाकूड बद्द वाजतें.

साठवणीचेंहि शास्त्र होतें. ओंडका अखंड ठेवला तर आंतून ओला राहतो, म्हणून तो आधीं फोडावयाचा. ढीग जमिनीला टेकूं द्यावयाचा नाहीं. खालीं दगड घातले म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही दूर राहतात. वरून आच्छादन घालावयाचें, पण बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवावयाच्या. रोजच्या वापराचीं लाकडें चुलीवरच्या माळ्यावर, धुराच्या उबेंत ठेवावयाचीं.

हें ज्ञान सर्वांस होतें. परंतु त्याचा उपयोग करण्यास वेळ हवा आणि लाकूड तोडून ठेवण्याचा हक्क हवा. तो हक्क पुष्कळांपाशीं उरला नाहीं. सन १८७८ च्या जंगल कायद्यानें सरकारला रानें राखीव करण्याचा अधिकार मिळाला. जी गोष्ट पूर्वीं वहिवाटीची होती, ती आतां सरकारनें द्यावयाची सवलत ठरली. भाताच्या रोपांसाठीं जमीन भाजण्यास, म्हणजे राबास, लागणाऱ्या फांद्यांवरहि निर्बंध आले. ठाणें आणि कुलाबा जिल्ह्यांतील गाऱ्हाणीं इतकीं वाढलीं कीं सन १८८५ मध्यें मुंबई सरकारास जंगल कमिशन नेमावें लागलें. त्याचा अहवाल १८८७ सालीं निघाला.

इकडे मुंबईची भूक वाढतच होती. सन १८६४ मध्यें गुजरातेकडून येणारा लोहमार्ग याच पट्ट्यांतून मुंबईस पोंचला, आणि रानांतला माल शहराच्या वखारींपर्यंत नेणें सोपें झालें. झाड तोडणारे हात बहुधा वारली आणि इतर आदिवासींचे. माल मात्र ठेकेदाराचा. कोणत्या झाडाचा निखारा किती वेळ टिकतो हें ज्याला सर्वांत चांगलें ठाऊक, त्याच्याच चुलीला वेचलेल्या काटक्या.

सन १९४५ मध्यें शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालीं वारली वेठीविरुद्ध उभे राहिले. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तलवाडा येथें जमावावर गोळीबार होऊन पांच जण मृत्युमुखीं पडले. पुढल्या वर्षीं लढा रानांतील तोडीच्या मजुरीकडे वळला. दिवसाला सव्वा रुपया ही मागणी होती आणि तीसाठीं कामें बंद पडलीं. गोदावरीबाईंनीं हा इतिहास ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथांत नोंदविला आहे.

साठ वर्षांनंतर, सन २००६ च्या वनहक्क कायद्यानें गौण वनोपजाच्या व्याख्येंत काटक्याकुटक्या आणि झाडांचे खुंटहि घातले, आणि ते गोळा करण्याचा वनवासी कुटुंबांचा हक्क मान्य केला. सन २०१६ पासून उज्ज्वला योजनेनें गरिबांघरीं गॅस येऊं लागला, तरी टाकी पुन्हां भरून घेण्यास पैसे लागतात. म्हणून अनेक पाड्यांवर चूल अजून पेटते. तेथें आजहि ज्येष्ठांत पडवीकडे पाहावें. सुक्या लाकडांची रास असेल, तर त्या घराला उन्हाळ्यांत रानांत मोकळेपणानें जातां आलें असें समजावें. नसेल, तर आषाढांत त्या घरीं धूर कोंडेल.