आधी भांडा, खर्च मात्र मागू नका

मागच्या व्याख्यानात आपण मुंबईच्या 1947 च्या भाडे-नियंत्रण कायद्यापर्यंत आलो होतो. पुष्कळ जागांची भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली गेली, भाडेकरूला संरक्षण मिळालं, आणि ते हवंच होतं. आज त्याच चाळीकडे आयकराच्या बाजूने पाहू.

1922 च्या आयकर कायद्याचं नववं कलम बघा. घरमालकाच्या उत्पन्नातून काय वजा होईल याची तिथे यादीच आहे: दुरुस्तीपोटी सहावा हिस्सा, विम्याचा हप्ता, गहाणाचं व्याज, भाडेवसुलीचा खर्च वगैरे. भाडेकरूला काढण्यासाठी लढलेल्या दाव्याचा खर्च त्यात नाही. 1961 च्या कायद्यातही तो आला नाही. दुकानदाराने उधारीसाठी दावा लावला तर वकिलाची फी धंद्याच्या खर्चात जाते. घरमालकाची जात नाही, कारण इथे कर बसतो तो मालकीवर, घराच्या वार्षिक मूल्यावर. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यामुळे आम्हाला असले भेद आवडतात, हे कबूल. पण लघुवाद न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्याला त्याचं काय!

गंमत पुढेच आहे. बुडालेलं भाडं उत्पन्नात धरलं जाऊ नये असं वाटत असेल, तर 1962 च्या आयकर नियमांतला चौथा नियम पाळावा लागतो. भाडेकरूने जागा सोडलेली हवी, किंवा त्याला काढण्यासाठी पावलं उचललेली हवीत. शिवाय वसुलीसाठी कोर्टाची वाट धरलेली हवी, नाहीतर ती धरून उपयोग नाही हे अधिकाऱ्याला पटवायला हवं. म्हणजे काय, तर कायदा म्हणतो, आधी भांडा. आणि भांडणाचा खर्च मागितला की म्हणतो, यादीत नाही.

2001 च्या वित्त कायद्याने ती यादीच मोडीत काढली. व्याज वेगळं ठेवून वार्षिक मूल्याच्या सरसकट 30 टक्के वजावट, मग खर्च शून्य असो की लाख. हिशेब सोपा झाला, खरं. आमच्या मते अन्याय मिटला नाही, नुसता दिसेनासा झाला. जुन्या चाळीत भाडंच इतकं कमी, की त्याच्या 30 टक्क्यांत वकिलाची एक तारीखही भागत नाही.

एक दार उघडं राहिलं, विक्रीचं. जमीन मोकळी करण्यासाठी झोपडीवाल्यांना दिलेली भरपाई मुंबई उच्च न्यायालयाने एका खटल्यात सुधारणेचा खर्च मानली आणि ती भांडवली नफ्यातून वजा झाली. म्हणजे सवलत विकणाऱ्याला, घर राखणाऱ्याला नाही.

आणि भाडेकरू? घर सोडण्यासाठी त्याला रक्कम मिळाली, आणि त्याने मुळात पागडी मोजलेली नसली, तर 1995-96 च्या आकारणी वर्षापासून त्याच्या भाडेहक्काची किंमत शून्य धरतात आणि त्या रकमेवर भांडवली नफ्याचा कर लावतात.