आनंदीबाईंचे कॉलेज



आनंदीबाई जोशी हे नाव आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. अमेरिकेत जाऊन पहिली हिंदू स्त्री डॉक्टर झाली, एवढे सगळे जण सांगतात. पण ज्या कॉलेजात ती शिकली, ते कुणी काढले, कशासाठी काढले आणि कुणाच्या पैशावर चालवले, असे विचारले तर पुष्कळांची पंचाईत होते. आज त्या कॉलेजाची हकीकत सांगायची आहे. ते सरकारी नव्हते, खाजगी होते. आणि खाजगी वैद्यकीय कॉलेज कुणासाठी असावे, हा प्रश्न आजही आपल्या घराघरांत विचारला जातो.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १८५० साली हे कॉलेज निघाले. त्या काळी तिथली वैद्यकीय कॉलेजे पुरुषांची. बाईने शरीरशास्त्र शिकायचे, मुडद्याची चिरफाड करायची, ही कल्पनाच लोकांना अब्रह्मण्यम् वाटे. तेव्हा क्वेकर पंथाच्या काही मंडळींनी पुढाकार घेतला. हा पंथ लहानसा, पण गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या बाजूने उभा राहणारा. त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी स्त्रियांसाठी वेगळे कॉलेज काढले. १८५१ च्या अखेरीस पहिल्या आठ स्त्रिया पदवी घेऊन बाहेर पडल्या.

पण पदवी मिळाली म्हणून मान मिळाला असे नव्हे. १८५८ साली तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने ठराव केला, की आपल्या सभासदांनी स्त्री डॉक्टरांशी किंवा त्यांना शिकवणाऱ्यांशी सल्लामसलत करू नये. म्हणजे एक प्रकारचा वाळीतच टाकण्याचा प्रकार! वैद्यकी पुस्तकातून शिकता येत नाही, तिला रोगी लागतात. आणि इस्पितळांची दारे बंद. मग पहिल्या आठजणींपैकी ॲन प्रेस्टन नावाच्या बाईंनी खटपट करून १८६१ साली स्त्रियांचे स्वतंत्र इस्पितळच उभे केले. तो यादवी युद्धाचा धामधुमीचा काळ. पुढे १८६६ साली याच बाई कॉलेजच्या डीन झाल्या.

१८६९ च्या नोव्हेंबरमधली एक गोष्ट सांगतो. शहरातल्या मोठ्या इस्पितळाने या कॉलेजातल्या मुलींना रोगतपासणीच्या व्याख्यानाला बसायची परवानगी दिली. मुली आत येताच पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो केली, कागदाचे बोळे फेकले, तंबाखूच्या पिचकाऱ्या टाकल्या. बाहेर पडल्यावर रस्त्यावरही पिच्छा सोडला नाही. मुली मात्र पुन्हा येत राहिल्या. हे सांगण्याचे कारण असे की, आनंदीबाईंवर पुढे पुण्या-कल्याणकडे जी चिखलफेक झाली, ती काही आपल्याच समाजाची खासियत नव्हती. सुधारलेल्या म्हणवणाऱ्या देशातही हेच चालले होते.

आता आनंदीबाई या कॉलेजात पोहोचल्या कशा? गोपाळराव जोशी हे पोस्टखात्यातले कारकून. बायकोला शिकवायचा त्यांना ध्यास. त्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला लिहिलेले पत्र तिकडच्या एका मासिकात छापून आले. न्यू जर्सी प्रांतातल्या कार्पेंटर नावाच्या बाई १८८० साली दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले, आणि त्यातून मावशी-भाचीचे नाते जडले.

निघण्यापूर्वी, १८८३ च्या फेब्रुवारीत, बंगालमधल्या श्रीरामपूरला आनंदीबाईंनी इंग्रजीत भाषण केले. वय अवघे सतरा. लोक जे प्रश्न पाठीमागे विचारत होते, ते त्यांनी स्वतःच पुढे मांडले आणि एकेकाचे उत्तर दिले. अमेरिकेला का? इथे सोय नाही का? एकटी का? जातीबाहेर टाकतील त्याचे काय? इथल्या सोयीविषयी त्यांनी स्पष्ट सांगितले, की मद्रासला कॉलेज आहे, सुइणीचे वर्ग आहेत, पण ते शिक्षण अपुरे आहे. या बोलण्यामागे दुःख होते. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला होता आणि दहा दिवसांत तो गेला होता.

एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. कॉलेजला त्यांनी जो अर्ज लिहिला, त्यात आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून औषध घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचे आहे, असा आशय आहे. त्या वेळच्या डीन रेचल बॉडले या रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांनी या परक्या, गरीब मुलीला दाखल करून घेतले आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्ती दिली. शिक्षकबंधूंनो, हा मुद्दा लक्षात घ्या. सरकारी मदत नाही, पाठीशी संस्थान नाही, अशी ही संस्था. तरीही आपल्या तुटपुंज्या पैशातून एक जागा तिने सातासमुद्रापलीकडच्या मुलीसाठी राखली.

आणि ही एकटीच नव्हे, बरं का! १८६७ साली, गुलामगिरी संपून दोन वर्षे होतात न होतात तोच, रिबेका कोल ही कृष्णवर्णीय तरुणी इथून डॉक्टर झाली. १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात लुगडे नेसलेल्या आनंदीबाई, किमोनो घातलेली जपानची केई ओकामी आणि सीरियाची सबात इस्लांबूली अशा तिघी शेजारी आहेत. १८८९ साली सुझन ला फ्लेश ही आदिवासी जमातीतली मुलगी इथूनच पदवी घेऊन आपल्या लोकांत परत गेली.

आनंदीबाईंनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्राचा. इतक्या दूर जाऊनही लक्ष आपल्या घरातल्या बाळंतिणीच्या खोलीकडे होते. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जागाही ठरली. पण तिथली थंडी, न मानवणारे अन्न आणि क्षयाने पोखरलेले शरीर! परत आल्यावर काही महिन्यांतच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांनी देह ठेवला. वय बावीसही पुरे नव्हते. कोल्हापूरचे काम हाती घेताच आले नाही.

जमाखर्च मांडणारा म्हणेल, कॉलेजचे पैसे बुडाले. वरवर पाहता खरेच आहे. पण हिशेब इथे मिटवू नका. १८९२ साली त्याच कॉलेजातून गुरुबाई करमरकर ही दुसरी हिंदी स्त्री डॉक्टर झाली. तिने परत येऊन मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये वर्षानुवर्षे बायामुलांना औषधपाणी केले. पहिलीने वाट मळली, दुसरी त्या वाटेने चालली.

हे कॉलेज १९७० पर्यंत मुख्यतः स्त्रियांचेच राहिले. नंतर मुलगेही आले, नाव बदलले, आणि पुढे ते ड्रेक्सेल विद्यापीठात सामावले गेले.

आपल्याकडेही खाजगी शाळांची परंपरा मोठी आहे. १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले ते खाजगीच, आणि १९१९ साली कर्मवीरांनी सुरू केलेली रयत शिक्षण संस्था वाढली ती लोकांच्या मदतीवर. म्हणून नुसत्या 'खाजगी' या शब्दाला नावे ठेवण्यात अर्थ नाही. एखाद्या खेड्यातली हुशार मुलगी डॉक्टर होईन म्हणते आणि बाप फीचा आकडा ऐकून खाली मान घालतो, तेव्हा त्या संस्थेला इतकेच विचारावे: तुमच्याकडे हिच्यासाठी राखलेली एक जागा आहे का? सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी, स्वतः वाळीत पडलेल्या एका कॉलेजाने 'आहे' असे उत्तर दिले, म्हणून आपल्याला आनंदीबाई मिळाल्या.