अर्ध्या गुणाचा घाट

परीक्षेचे पेपर तपासताना मास्तराच्या हातून जी पापे घडतात, त्यांचा हिशेब चित्रगुप्त बहुधा वेगळ्या वहीत ठेवत असावा. माझ्या खात्यावर अशी किती पापे जमा आहेत कोण जाणे! त्यांतले एक मात्र मला पक्के ठाऊक आहे, कारण ते करताना मी पकडला गेलो. ते पाप अर्ध्या गुणाचे होते, आणि त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची एकोणीस हजार फुटांवर होती.

झाले असे. २०२२ सालच्या सहामाहीला सातवीच्या भूगोलाच्या पेपरात मी एक प्रश्न घातला होता : 'मोटार जाऊ शकेल असा जगातील सर्वांत उंच रस्ता कोणत्या खिंडीतून जातो?' उत्तर मला तोंडपाठ होते. लडाखातील खारदुंग ला, उंची १८,३८० फूट. हा आकडा मी कितीतरी वर्षे मुलांना देत आलो होतो. एका मुलीने मात्र 'उमलिंग ला' असे लिहिले. मी लाल शाईने फुली मारली, अर्धा गुण कापला आणि पुढच्या पेपराकडे वळलो. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला नावे बनवण्याची सवय असते. मला वाटले, पोरीनेही एक नाव बनवले!

दिवाळीच्या सुट्टीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या दारात एक फटफटी येऊन थांबली. मागच्या बसणीवर ती मुलगी, पुढे तिचा मामा. मामा चिंचवडला एका गॅरेजात मिस्त्री. वय तिशीचे, नखांत ग्रीस मुरलेले. मुलीच्या हातात तिचा पेपर होता.

"गुरुजी, भांडायला नाही आलो," मामा चप्पल काढता काढता म्हणाला. "पण पोरगी तीन दिवस जेवताना रुसतीय. म्हटलं, आपण जाऊन आलोय तिथं, तर सांगून तरी यावं."

त्याने फोनवरचे छायाचित्र दाखवले. उजाड तांबूस डोंगर, निळेशार आभाळ, रस्त्याकडेची एक पाटी आणि पाटीवर आकडा : १९,०२४ फूट. पाटीखाली हाच मामा आणि हीच फटफटी. हिने चहाला आधण ठेवले, मी वही काढली आणि त्या दिवशी मास्तर वर्गात बसला.

आता वाचकहो, आधी 'ला' म्हणजे काय ते सांगतो. लडाखी भाषेत 'ला' म्हणजेच खिंड. तेव्हा 'खारदुंग ला खिंड' म्हणणे हे 'विंध्याचल पर्वत' म्हणण्यासारखेच झाले. या खिंडी रस्त्यांसाठी जन्मलेल्या नाहीत. लेहहून यारकंदला जाणारे व्यापारी तांडे शतकानुशतके खारदुंग ला चढत, पुढे नुब्रा खोऱ्यात उतरत आणि अठरा हजार फुटांवरची काराकोरम खिंड ओलांडून मध्य आशियात जात. घोडे, खेचरे, याक आणि दोन मदारींचे उंट. चांगथांगच्या शेळ्यांची पश्मिना लोकर याच भागातून लेहच्या बाजारात येई आणि तिथून काश्मीरच्या मागांवर जाई. आपल्याकडे नाणेघाटात सातवाहनांच्या काळापासून बैलांचे तांडे चढत, तसाच हा प्रकार. फरक एवढाच की नाणेघाटात धाप लागते ती चढाने, आणि तिथे माणूस नुसता उभा राहिला तरी धापा टाकतो.

मग या पायवाटांवर चाक आले कसे? याचे उत्तर व्यापारात नाही, युद्धात आहे. १९४८ साली लेहची वाट अडवून शत्रू झोजी ला खिंडीत, साडेअकरा हजार फुटांवर, दबा धरून बसला होता. सप्टेंबरात पायदळाचे हल्ले फसले. तेव्हा जनरल थिमय्यांनी एक अचाट बेत केला. सातव्या घोडदळाचे स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे बुरूज उतरवून, ताडपत्र्यांखाली झाकून श्रीनगरमार्गे बालटालला आणले. मद्रास सॅपर्सच्या जवानांनी खेचरांच्या वाटेची रणगाड्याची वाट केली. १ नोव्हेंबर १९४८ रोजी, बर्फ पडू लागले असताना, लेफ्टनंट कर्नल राजिंदरसिंग यांचे रणगाडे त्या खिंडीत जाऊन उभे राहिले. इतक्या उंचीवर रणगाडा येईल हे शत्रूच्या स्वप्नातही नव्हते. त्याच महिन्यात द्रास आणि कारगिल सुटले, आणि लेहची वाट मोकळी झाली. त्या दिवशी हिमालयातल्या एका पायवाटेचा घाट झाला, असे मी मुलांना सांगतो.

फटफटीचा इतिहासही सैन्याशीच बांधलेला आहे. पन्नासच्या दशकाच्या आरंभी सरहद्दीवर गस्त घालण्यासाठी आपल्या सैन्याला दणकट मोटरसायकली हव्या होत्या. निवड झाली इंग्लंडातील रेडिच गावच्या रॉयल एन्फील्ड कंपनीच्या साडेतीनशे सी.सी.च्या बुलेटची. मागणी पुरी करण्यासाठी १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली. सुरुवातीला सुटे भाग विलायतेहून येत आणि इथे जोडले जात. पुढे सगळी गाडीच इथे बनू लागली. सत्तरच्या सुमारास विलायतेतील मूळ कारखाना बंद पडला. मद्रासचा चालूच राहिला. आई गेली, पण सासरी दिलेली लेक नांदली. मामाची बुलेट जुन्या घडणीची, उजव्या पायाला गिअर आणि डाव्या पायाला ब्रेक असणारी. ती चालू करायची म्हणजे एक विधीच. आधी अँमीटरच्या काट्याकडे पाहत कळ दाबून दट्ट्या ठिकाणावर आणायचा, मग सगळे अंग टाकून किक मारायची. अधीर माणसाला ती पोटरीवर असा तडाखा देते की पुन्हा घाई करण्याची इच्छा उरत नाही.

"वर गेल्यावर मात्र गुरुजी, हीच रुसते," मामा म्हणाला. "काळा धूर सोडते, ताकद धरत नाही. प्लग काढावा तर काजळी."

मी कारण विचारले. मिस्त्रीने ते असे सांगितले की माझ्या पाठ्यपुस्तकाने लाजावे. कार्ब्युरेटर हवा मापतो ती आकारमानाने. वजन त्याला कळत नाही. सतरा-अठरा हजार फुटांवर हवा समुद्रकाठच्या मानाने निम्मी विरळ. म्हणजे पेल्यात पाणी तेवढेच दिसते, पण त्यातली साखर निम्मी. पेट्रोल मात्र जवळपास पूर्वीसारखेच येत राहते. चुलीत लाकडे खच्चून भरली आणि वारा कोंडला तर काय होते? धूर! इंजिनाचेही तेच होते. उपाय म्हणून मिस्त्री कार्ब्युरेटरातले 'जेट' नावाचे पितळी छिद्र बदलून बारीक बसवतो, म्हणजे पेट्रोल कमी येते. आताच्या नव्या गाड्यांत हे काम यंत्र आपले आपण करते. पण माणसात जेट बदलता येत नाही. म्हणून लेहला, साडेअकरा हजार फुटांवर, दोन दिवस गप्प पडून राहायचे आणि रक्ताला सवय होऊ द्यायची. हे न करता जो पुढे धावतो, त्याचे डोके दुखते, त्याला ओकारी होते, आणि हट्ट धरला तर जीवही जातो.

मामा मनालीहून गेला होता. १९८९ मध्ये सर्वसामान्यांसाठी खुला झालेला हा रस्ता. आधी तेरा हजार फुटांचा रोहतांग. २०२० मध्ये त्याच्या पोटातून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा झाला; पण मामाने परवाना काढून मुद्दाम वरचा घाट धरला. मग सोळा हजारांचा बारालाचा, पुढे लाचुलुंग, आणि सतरा हजारांवरचा तांगलांग. आपला खंडाळ्याचा घाट जेमतेम दोन हजार फूट. महाराष्ट्राचे सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते ५,४०० फूट. उमलिंग ला म्हणजे एकावर एक रचलेल्या साडेतीन कळसूबाया! आणि तिथवर डांबरी रस्ता.

"मग खारदुंगची ती १८,३८०ची पाटी?" मी विचारले. माझा सगळा जीव त्या पाटीत अडकला होता.

"पाटीला काय लागतंय गुरुजी? रंग आणि ब्रश."

नंतर मी स्वतः शोध घेतला. खारदुंग ला रस्ता १९७६ मध्ये बांधला गेला आणि १९८८ मध्ये नागरी वाहनांना खुला झाला. तिथल्या पाटीने १८,३८० फुटांचा दावा केला आणि जगभरच्या प्रवाशांनी तो छायाचित्रांतून घरोघर पोहोचवला. उपग्रहांच्या साहाय्याने मोजणी झाली तेव्हा खरी उंची निघाली १७,५८२ फूट. म्हणजे मी दर वर्षी मुलांना सातशे अठ्ठ्याण्णव फूट हवेत चढवत होतो. पाटी लोखंडाची होती, म्हणून ती खरी वाटली. आणि मुलगी सातवीतली होती, म्हणून ती खोटी वाटली. उमलिंग ला येथील रस्त्याला २०२१ मध्ये गिनेस बुकाने जागतिक उच्चांक म्हणून मान्यता दिली होती. पोरीचे उत्तर बरोबर होते, मास्तराचे चूक.

पण मामाच्या बोलण्यातली जी गोष्ट माझ्या मनात रुतून बसली, ती उंचीची नव्हती. त्या रस्त्यावर बर्फाच्या पाण्याचे ओढे आडवे येतात. ते सकाळी लहान असतात. ऊन तापले की बर्फ वितळते आणि दुपारी त्यांच्या नद्या होतात. जाणता माणूस पहाटे निघतो. मामाला वाटेत पंक्चर झाले, उशीर झाला आणि तो एका ओढ्यात दुपारी तीन वाजता शिरला. गाडी आडवी झाली, पाय खाली अडकला. पाणी असे गार की आरडण्याचेही सुचेना. तेवढ्यात रस्त्यावर खडी टाकणारे चार मजूर पाण्यात उतरले. त्यांनी गाडी उचलली, याला बाहेर काढला, पत्र्याच्या झोपडीत नेऊन शेकोटीपाशी बसवला आणि काळा चहा पाजला. माणसे झारखंडातल्या दुमक्याकडची, संथाळ. ही माणसे उन्हाळ्याला घर सोडून दीड हजार मैल दूर, विरळ हवेत रस्ता करायला जातात. १९६० मध्ये सीमा सडक संघटना स्थापन झाली. तिच्या रस्त्यांची लांबी आपल्याला कागदावर सापडते. पण ते रस्ते अशा हातांनी बांधले आहेत, आणि त्यांतले काही हात तिथेच राहिले, हे रस्त्याकडेची स्मारके सांगतात.

"पाटीखाली माझे अकरा फोटो आहेत, गुरुजी," मामा चहाच्या कपात पाहत म्हणाला. "त्या चौघांचा एकही नाही. थंडीनं हात चालत नव्हते हे खरं. पण नाव विचारायला काय हात लागतात?"

यावर मी काय बोलणार? मला आपल्या बोरघाटातला शिंग्रोबा आठवला. इंग्रजांना घाटाची वाट धनगराने दाखवली आणि बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी कथा सांगतात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर त्याचे देऊळ आहे; घाट चढणारे ड्रायव्हर अजून तिथे नाणे वाहतात. लडाखातही खिंडीच्या माथ्यावर दगडांची रास असते, रंगीत पताका फडफडत असतात, आणि माथ्यावर पोहोचणारा लडाखी मोठ्याने देवांचा जयजयकार करतो. घाट कोणताही असो, तो चढून गेलेल्या माणसाला कुणाला तरी हात जोडावेसे वाटतात. कुणाला जोडायचे, एवढाच प्रश्न आहे.

सुट्टी संपल्यावर पहिल्याच तासाला मी तो पेपर वर्गात नेला. लाल फुली खोडली, अर्धा गुण वाढवला, बेरीज दुरुस्त केली आणि सर्वांदेखत म्हणालो, "हिचे बरोबर होते, माझे चुकले होते." वर्ग क्षणभर चिडीचूप झाला. मग मागच्या बाकावरून एकाने हात वर केला : "सर, मग आम्ही खारदुंग ला लिहिलं, त्यांचा अर्धा गुण जाणार?"

मी म्हणालो, "नाही. ते तुम्हाला मीच शिकवलं होतं. त्याचा दंड माझ्याकडे."

ती मुलगी पुढे दहावीत गेली. २०२५ च्या ऑक्टोबरात एके दिवशी मधल्या सुट्टीत ती शिक्षकखोलीच्या दाराशी उभी राहिली. हातात वर्तमानपत्राचे कात्रण. लडाखात मिग ला येथे १९,४०० फुटांवर रस्ता पोहोचला होता.

"सर," ती हसून म्हणाली, "आता माझंही चुकलं."

मी कात्रण घेतले आणि वहीत डकवले. त्यानंतर तो प्रश्न मी पेपरात घालत नाही. त्याऐवजी विचारतो : 'तुमच्या गावाजवळच्या घाटाचे नाव लिहा, आणि तो कोणी बांधला ते घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.' याला गुण दोन. उत्तरे फार थोडी येतात. पण येतात ती वाचताना लाल शाईची बाटली मी बाजूला सारून ठेवतो.